डोमाजींची शिवण

टाकी गळत नव्हती, घामेजत होती.
खालच्या शिवणीवर, डाव्या अंगाला,
तिळाएवढा एक थेंब.
पुसला की परत, पुसला की परत,
आणि भोवती पिवळट डाग,
जुन्या चहाच्या बशीला असतो तसा.

टेंभुर्णे सरांची येझदी बाहेर निंबाखाली उभी,
टाकीविना,
वशिंड कापलेल्या बैलासारखी.
गोणपाट टाकलंय तिच्यावर.
सहा महिने सर साबणाची वडी घासून चालवत होते.
"बुजते नं," म्हणाले. "कामठीपर्यंत तं बुजते."

अ‍ॅल्युमिनियमची टाकी. कंपनीची नव्हे.
डोमाजी उस्तादांनी वाळूच्या पोत्यावर पत्रा ठेवून
मोगरीनं ठोकून काढलेली,
मी कामाला लागले त्याच्या आदल्या वर्षी.
बोट फिरवलं तर ठोक अजून हाताला लागतात.
शिवणही त्यांचीच.

आता ते कोपऱ्यातल्या स्टुलावर बसतात
उजवा हात डाव्या हातात धरून.
मी टाकी उलटी केली
तेव्हा काही बोलले नाहीत.
तंबाखूची पुडी मात्र उघडायची राहिली.

पेट्रोल काढलं तरी पेट्रोल जात नाही.
रिकामी टाकी भरलेलीपेक्षा वाईट:
हे त्यांनीच शिकवलं, पहिल्या दिवशी,
स्वतःची भुवई दाखवून,
जिथे केस परत उगवलेच नाहीत.
तीनदा धुतली सोड्याच्या पाण्यानं,
रात्रभर काठोकाठ भरून ठेवली.
सकाळी ओतली, नाक लावलं.
पुन्हा धुतली.
मग वाळवून आत आर्गॉनची नळी सोडली
आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

मे महिना. गड्डीगोदाम. वर पत्रा.
अशात कूलर बंद करावा लागतो,
वाऱ्यानं आर्गॉन उडतो, टाका काळा पडतो.
शेजारचा झेरॉक्सवाला म्हणतो, ताई, मराल.
रुळावरून मालगाडी निघाली, टेबल थरथरलं.
डबे मोजत थांबले.
अठ्ठावन्न.

लोखंड बरं. लाल होतं, सावध करतं.
हे सांगत नाही.
पांढरं ते पांढरंच, पांढरं ते पांढरंच,
आणि एकाएकी खाली बसतं.
त्याच्या जरासं आधी
नखाएवढ्या जागेचा आरसा होतो.
तेव्हाच तार टेकवायची.
ते जरासं म्हणजे किती
हे उस्तादांना कधी सांगता आलं नाही.
माझं मनगट धरून दाखवत राहिले, चार महिने.

ब्रशनं शिवण खरवडली तेव्हा दिसलं,
इथे ते घाईत होते.
टाके तिरके, लांब लांब,
माणूस दाराकडे बघत बघत घालतो तसे.
त्या दुपारी कोण आलं होतं दारात?
घरचं कोणी? वसुलीवाला?
विचारलं नाही. काच तोंडावर ओढली
आणि त्यांच्या टाक्यांवर माझे टाके घातले,
त्यांनी जिथे संपवलं होतं
तिथून सुरुवात करून.

निवल्यावर तोंडं बुजवली,
सायकलच्या पंपानं हवा दिली, जरा, जराच,
नाहीतर पोट फुगतं तिचं.
साबणाचा फेस लावला.
दोघं वाकून बघत राहिलो.
डागाच्या जागी काही नाही.
काही नाही.
मग बोटभर पुढे,
जिथे मी हात उचलला होता,
एक बुडबुडा आला,
तान्ह्याच्या ओठावर येतो तसा,
आणि सावकाश मोठा होत गेला.

डोमाजी आज पहिल्यांदा हसले.
"हा माहा नोहे वं," म्हणाले.
"हा तुहा."

कूलर लावला. दोन चहा सांगितले.
टेंभुर्णे सरांचा फोन वाजत होता,
वाजू दिला.