वर्ग क

नाश करायच्या यादीत अनुक्रमांक एकशे बारा:
परकीय नोंदणी, बेळगाव, सन एकोणचाळीस ते त्रेचाळीस.
पाने एकसष्ट. वर्ग क.
पूर्वी जाळत, आता लगदा करतात,
लगद्यातून मिठाईची खोकी.

मी शोधत होते येळ्ळूरच्या मराठी शाळेचा मंजुरी हुकूम,
कोर्टात लागतो म्हणून.
दोरा ओढला तर ही बाई निघाली.

नाव: इर्मा ताउसिग. जन्म: ब्र्नो.
राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात 'झेक', त्यावर काट,
'जर्मन', त्यावर काट,
मग कुणीतरी दमून नुसती आडवी रेघ.
धंदा: सुताची रंगारी.
उंची पाच फूट दोन.
डाव्या तळहातावर भाजल्याची खूण.
अंगावरच्या खुणेचा रकाना आमच्याही फॉर्मात आहे.
मी तो नेहमी शेवटी भरते.

राहणे: कॅम्प, मिसेस डिक्रूझ यांची मागली खोली.
काम: शहापूर, अंबासा खोडे यांचे माग.
आता कॅम्पातून शहापूर म्हणजे रेल्वेचं फाटक आणि थोडी सायकल.
तेव्हा फाटकापलीकडे सांगली संस्थान,
परकीयाला हद्द ओलांडायची तर परवाना.
पान सात ते पान बत्तीस तोच अर्ज,
सव्वीस सोमवार:
मला निळ्या पिंपापर्यंत जाऊ द्यावे.
मंजूर. सूर्यास्तापूर्वी परत.
मंजूर.
एकदा नामंजूर, कारण लिहिलेलं नाही.

अंबासांचा जामीन मोडीत आहे.
मोडी मी शिकले सरकारी वर्गात, भत्त्यासाठी;
पहिल्यांदाच काही वाचण्याजोगं मिळालं.
'सदर बाई आमचे पिंपाजवळ उभी राहाते.
हेर वाटत नाही.
निळा असा धरते की धुण्यात उतरत नाही.
तीस माघारी धाडणे तर कोठे, हे लिहून कळवावे.'
खाली लाल शाईत शेरा: नोंद घेतली.

कळवलेलं कुठे दिसत नाही.

पान चौपन्न. रेडक्रॉसचा छापील कागद,
आईचा लेकीला, ब्र्नोहून.
मुभा पंचवीस शब्दांची, मजकूर फक्त घरगुती.
बेळगावात पोचला एकोणीस ऑगस्ट बेचाळीस.
त्याआधी अकरा दिवस इर्माबाईंना साताऱ्याला हलवलेलं,
पोलिसांच्या नजरेखाली.
'नवा पत्ता लावून धाडावे,' असं एकाने लिहिलं
आणि दुसऱ्याने धाडलं नाही.
तोही माझ्यासारखाच कारकून असेल.
बाहेर तारा तोडलेल्या, चौकात लाठी,
कचेरीला आतून कडी, आणि टेबलावर
एका परक्या म्हातारीचं अक्षर.
कुठलं काम आधी करायचं, हे मलाही रोज कळत नाही.

पान पंचावन्न: पाठवणारी बाई त्या पत्त्यावर नाही.
पूर्वेकडे रवाना. पुढचा ठावठिकाणा अज्ञात.
पूर्वेकडे म्हणजे काय
ते नववीच्या पुस्तकात एका ओळीत होतं.
ती ओळ परीक्षेला आली नाही.

बसलिंग दार लावायला आला.
"अक्का, वाळवीला अजून किती दिस जेवण घालणार ओ?"
मी क खोडला. वर अ लिहिला. अ म्हणजे कायम.
मला तसा अधिकार नाही.
सही मात्र पूर्ण केली, नेहमीचा शेपटा न मारता.
येळ्ळूरचा हुकूम सापडला नाही,
उद्या त्या मंडळींना काय सांगू?

जर्मन मला येत नाही. म्हणून शब्द नुसते मोजले,
पेन्सिलीचं टोक टेकवत.
चोवीस.
पुन्हा मोजले. चोवीसच.
एक तिने वापरला नाही,
किंवा कुणी खरवडला; तिथे कागद पातळ आहे,
उजेडाला धरला की आरपार
बसलिंगच्या हातातलं कुलूप दिसतं.