मुनीराचाचीची वही

बर्फावर स्कूटर घसरली
तेव्हा ॲपने आधी सूपची विचारपूस केली.

मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.
कंपनी म्हणाली, तुम्ही नोकर नव्हेच,
भागीदार आहात.
भागीदाराला आजारपणाची रजा नसते.
रेटिंग असतं, तेही उतरतं.

लेस्टरमध्ये, बेकरीच्या वरच्या खोलीत
मुनीराचाची हुर्झूक वही ठेवते.
जुम्म्याला शिलाईवाल्या बाया, टॅक्सीवाले,
एक सोमाली सुतार
बिस्किटांच्या डब्यात दोन-दोन पौंड टाकतात.
उद्या कोण घसरेल, सांगता येत नाही.
जकातीचा डबा निराळा, हिरवा.

मी मान घालून जिना चढलो.
"कधी मागायची वेळ आली नव्हती, चाची."
तिने चष्म्यावरून पाहिलं.
"मान वर कर, तन्वीर. हा उपकार नाय.
तुझंच होतं, दुसऱ्याच्या खिशात.
त्याने इतके दिवस सांभाळलं, एवढंच."

हिरव्या डब्यातून किराणा.
बिस्किटांच्या डब्यातून घरभाडं, ते मात्र कर्जाऊ.
"व्याज?" मीच विचारलं, सवयीने.
"शून्य लिहायला शाई कशाला घालवू?"
परतीच्या तारखेपुढे तिने लिहिलं:
हात बरा झाल्यावर.

हात बरा आहे. थंडीत ठणकतो.
फेडीचे शेवटचे वीस पौंड द्यायला गेलो तेव्हा
वहीचं पहिलं पान दिसलं, कोरंच.
"हे कुणाचं?"
"तुझ्या कंपनीचं.
घाम सुकायच्या आत येणार होती ती."

चाचीने पान उलटलं,
आणि माझ्या नावावर रेघ मारली.