वजनकाटा

आईनं दोन वस्तू सांगितल्या : नारळ आणि आगपेटी.
चपला घातल्या, पिशवी विसरून निघालो.

कुडचड्यात सहा वाजता ऊन
फक्त वरच्या मजल्यांना परवडतं.
खाली दुकानं
दिवा लावावा की थोडं थांबावं
या विचारात.

फाटक पडलेलं. कोळशाची मालगाडी.
स्कूटरी बंद करून माणसं
एकमेकांच्या पिशव्यांत बघतात,
कुणाला बांगडे मिळाले, कुणाला नुसती तारली.
डबे मोजायचं मी एकविसाव्यावर सोडलं.
शेजारचा पोरगा शेवटपर्यंत मोजत होता
आणि आकडा त्यानं कुणालाच सांगितला नाही.

"केन्ना आयलो?"
शिडीवरून उल्हास, तोंडात वायर.
काल.
"केन्ना वतलो?"
रविवारी.

एवढंच.
गावाला माझ्याबद्दल दोन तारखा पुरतात.
मधलं ते विचारत नाही.

पुलावर वारा. खाली तीन बार्जी गंजत उभ्या,
एकीच्या नाकावर पिंपळाचं रोप,
दुसरीवर कुणीतरी चादर वाळत घातलीय,
फुलाफुलांची,
घरात पाहुणे आल्यावर काढतात तसली.

शाळेत मी झाडं लाल रंगवायचो.
मडगावहून येणाऱ्या टीचरनं
एकदा सगळी पानं खोडली, वर हिरवा खडू दिला.
दिवाळीपर्यंत तिचा पांढरा रुमाल
माझ्या चित्रासारखा झाला होता.
पुढच्या वर्षी ती आली नाही.

मग खाणी बंद पडल्या.
पहिल्या पावसाळ्यानंतर झाडं जी हिरवी झाली
ती हिरवीच राहिली. लोक बघायला थांबायचे.
हप्तेही तेव्हाच थकले.
बाबा दारातल्या ट्रकच्या पायरीवर बसून
आमच्याच आंब्याकडे बघायचे,
परक्याच्या परसातला असावा तसा.
ट्रक विकला त्या सकाळी
त्यांनी उजवा आरसा तेवढा काढून घेतला.
अजून त्यातच दाढी करतात.
मागून कोण येतंय तेही कळतं, म्हणतात.

इगर्जीची घंटा झाली.
सुकोरिनचा तराजू धरलेला हात जागीच राहिला,
एका पारड्यात वांगी, एकात अर्धा किलो.
गिऱ्हाईक होते रामनाथ भटजी,
तेही गप्प उभे.
तिचे ओठ हलत होते. काटा हलत नव्हता.
शेवटच्या ठोक्यानंतर
तिनं एक वांगं जास्तीचं टाकलं.
नारळ मी तिच्याकडूनच घेतला, कानाशी हलवून.

परतताना सरळ यायचं, तर वाकडा गेलो,
जुन्या काट्याकडे.
लोखंडी फळीवर पोरं क्रिकेट खेळून गेलेली,
तीन विटांचा स्टंप तसाच.
केबिनमध्ये मिंगेल. पगार अर्धा,
पण खुर्ची तीच, आणि कानामागे पेन.

मी फळीवर उभा राहिलो. आकडा उठला नाही.
"तो माणसं मोजत नाही," मिंगेल म्हणाला.
"तुझ्या बापाला मात्र मी इथं
दिवसातून सहा-सहा वेळा तोललाय.
ट्रकासकट.
येताना, जाताना.
त्याला वजा असा कधी केला नाही."

मग त्यानं खिडकीतून मान बाहेर काढली,
माझ्या मागे ट्रकांची रांग असल्यासारखी,
आणि सवयीनं विचारलं,
"रितो काय भरिल्लो?"

काय सांगू.
मी नारळ वर करून दाखवला.
त्यानं खरंच वही उघडली,
तारीख घातली,
पेन झटकलं. चाललं नाही.
पुन्हा झटकलं.

घरी बाबा आरसा पुसत होते.
आई नारळ हातात घेऊन म्हणाली,
आणि आगपेटी?

मी परत चपला घातल्या.