नोंद क्रमांक दोनशे सात

परिचारिकांसाठीची शब्दावली, तिसरं प्रूफ.
पानामागे चाळीस रुपये,
तेही मार्च उलटल्यावर.
मेडिकलची ओपीडी, कान-नाक-घसा, खोली चौदा.
बाबांचा नंबर येईस्तोवर
मी मांडीवर डोळे तपासत बसले आहे.

स्वच्छमंडल. श्वेतमंडल. परितारिका.
बाहुलीला बाहुलीच राहू द्या, असं मी समासात लिहिलं होतं,
समितीनं कनीनिका केलं.
रांजणवाडी वाचली. वडस वाचला, खुपऱ्या वाचल्या.
फूल पडणं मात्र गेलं.
त्या जागी आता स्वच्छमंडलीय अपारदर्शकता.
या शब्दाच्या टोकाला पोचेपर्यंत
पेशंटचा दुसराही डोळा जाईल.

"जालपटल म्हंजे काय वं?" बाबा विचारतात.
डोळ्याच्या मागच्या भिंतीला पडदा असतो, मी सांगते,
मग ओरडून सांगते,
तेव्हा मागच्या बाकावरची काटोलची बाईही मान हलवते.
"पडदा? इनला कोनं?"
ताणा किती, बाणा किती, हे त्यांना हवं असतं.
मी म्हणते, सगळे धागे एका जागेतून बाहेर पडतात,
तिला अंधबिंदू म्हणतात, तिथं काहीच दिसत नाही.
"नाईच दिसनार. गाठीवर नक्षी येते कुठं?"

हे मी कोशात कुठं घालू.

कान पान छप्पन्नवर सुरू होतो.
तीन हाडं: हातोडी, ऐरण, रिकीब.
लोहाराचं सामान, घोडेस्वाराचं सामान,
कोष्ट्याचं काहीच नाही.
गोळीबार चौकामागे एका पत्र्याखाली चार यंत्रमाग,
घरात बोलायचं तर खुणांनी.
जेवायला चल: बोटं तोंडाशी.
पाहुणे आले: पदर डोक्यावर.
आई गेली तेव्हा मी दारातून कोणती खूण केली
ते आठवत नाही.
बाबांनी पट्टा उतरवला, एवढं आठवतं.

"बाळाजी संपत पराते!"
काचेच्या खिडकीची पेटीएवढी खोली,
कानावर हेडफोन, मुठीत बटण.
"आवाज आला की दाबायचं, काका. बारीक आला तरी."
दार मिटतं.
आतली शांतता मला काचेतून दिसते.

बाबा दाबतात.
दाबतात, थांबतात. दाबतात, दाबतात, थांबतात.
टेक्निशियन पोरगी माझ्याकडे वळते:
"ताई, मी तर अजून आवाज सोडलाच नाही."

मला ती लय येते.
खट. खटाक-खट. धोटा गेला, धोटा आला.
माग किलोवर विकून अकरा वर्षं झाली,
टेम्पोवाल्यानं वजनात मारलं होतं, त्याचं भांडण
बाबा अजून भांडतात.

दोनशे सात. कर्णनाद:
बाहेर ध्वनी नसताना रुग्णास ऐकू येणारा ध्वनी.
पाहा: निद्रानाश.

कागदावर रेघ उतरत गेलेली.
चार हजारांपाशी खड्डा,
पुढं थोडी चढण.
"रात्री त्रास होतो का?" पोरगी विचारते,
मग मोठ्यानं, "झोप! झोप लागते का?"
झोप त्यांना ऐकू जाते.

"त्याच्यानंच तं लागते.
बंद पडला का जाग येते मले.
दोरा तुटला का काय, म्हनून."

पोरगी फॉर्मवर हो लिहू की नाही लिहू, बघत राहते.
मी प्रुफावर 'पाहा: निद्रानाश'ला गोल करते,
समासात काय लिहावं ते सुचत नाही,
गोल तसाच सोडते.

बाहेर नवतपा. बसची शीट तव्यासारखी.
बाबा खिडकीशी, गळ्यात दुपट्टा,
बिन यंत्राचेच निघालेत. "सायाला वापस करून टाक तो फारम."
त्यांचा अंगठा गुडघ्यावर चालू आहे.
मी बर्डीपर्यंत मोजते.
अजब चौकात सिग्नलला बस थांबते,
इंजिन गप्प होतं,
अंगठा नाही.