तीन, तीन, दोन

पार्सल कस्टममध्ये अडकलं तेव्हा
फोनवरच्या माणसाने विचारलं, वस्तू काय?
बँजो, मी म्हटलं.
"बेंजो? हळदीत असतो तो?"
मी गप्प. त्याने "वाद्य, एक नग" लिहून टाकलं.

तेहतीस वर्षं मी कॅशला होते.
ओल्या स्पंजवर अंगठा,
गड्डीवर तर्जनी आणि मधलं बोट,
शंभर झाल्या की रबर.
मग नोटा मोजायचं यंत्र आलं
आणि बोटं काउंटरखाली, मांडीवर
नुसतीच हलत राहिली.
निवृत्तीला शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ.
बोटांचं कुणी काही विचारलं नाही.

आता सकाळचं धुणं वाळत घातलं की
धायरीच्या तिसऱ्या मजल्यावर
अंगठ्याला प्लास्टिकची नखी, दोन बोटांना पत्र्याच्या,
नव्या चपलेसारख्या चावणाऱ्या.
लॅपटॉपमध्ये कुठल्याशा डोंगरातला म्हातारा.
नाव वर्डेल.
पहिले तीन आठवडे मला ते "वडील" असंच ऐकू यायचं.
त्याच्या खिडकीत नेहमी संध्याकाळ,
पायाशी कुत्रा, स्वतःचं शेपूट चावणारा.

अंगठा, तर्जनी, मधलं,
अंगठा, तर्जनी, मधलं,
अंगठा, मधलं.
तीन, तीन, दोन.
धडा अर्ध्या वेगावर टाकला
की म्हातारा प्यायल्यासारखा बोलतो,
पण त्याची बोटं खरं सांगतात.

पाचवी तार आखूड.
बाकी चौघींना अर्ध्या वाटेत येऊन मिळालेली,
आणि गळा तिचाच सगळ्यात उंच.
सतारीची चिकारी असते तशी, हे मला लगेच समजलं.
बोटांना समजायला आश्विन उजाडला.

पुडीच्या मागे टॉवेल कोंबते,
कारण खालच्या खळदकरांचं डोकं दुखतं.
त्यामुळे आवाज असा येतो
जसं बंद दाराआड कुणी भांडी लावतंय.

गुरुवारी मी गृहपाठाचा व्हिडिओ घेत होते
आणि हणमंत सिलिंडर घेऊन आला.
काट्यावर वजन दाखवलं, सील दाखवलं,
मग त्याची नजर दिवाणावर गेली.
"बाई, हे काय?"
"बँजो."
"आणि कळा कुठायत?"

तो नऱ्ह्याच्या बेंजो पार्टीत वाजवतो.
डाव्या हाताखाली टाइपरायटरसारख्या कळा,
उजव्यात प्लास्टिकची चकती.
लग्नसराईत सिलिंडरपेक्षा बरं सुटतं, म्हणाला.
हात पँटला पुसले, उकिडवा बसला,
तरी वाद्याला हात नाही लावला.
"वाजवा की."

तीन, तीन, दोन. तीन, तीन...
अडखळले.
तो म्हणाला, "ही आखूडवाली उतरलीय. केसभर."
सूर दाखवणारा हिरवा दिवा सांगत होता, बरोबर आहे.
मी केसभर चढवली.
"आणि तो टॉवेल काढा हो. जीव गुदमरतोय त्याचा."

काढला.
खोलीत कुणी मूठभर सुटी नाणी
फरशीवर सोडली,
एकेक वेगळं मोजता येईल अशी.
खालून खळदकरांनी काठीने छत ठोकलं.
हणमंतने तो ठोका मांडीवर धरला
आणि मला पुढे जा अशी मान केली.

व्हिडिओ तसाच पाठवला,
काठीसकट, "बाई, पावती" सकट.
रविवारी म्हाताऱ्याचं उत्तर आलं.
अंगठा अजून घाई करतो. मनगट सैल सोड.
मग कुत्र्याला गप्प केलं, कानामागे खाजवलं, आणि
तो मागचा माणूस काय म्हणाला?
पाचव्या तारेचं काही म्हणाला का?

हणमंतची फेरी सिलिंडर संपल्यावर.
एरवी मला एक दोन महिने पुरतो.
काल काळे वाटाणे भिजत घातले,
आज राजमा.
कुकरला शिट्ट्या जास्त देतेय.