उपसर्ग

सावद्याच्या यार्डात रात्री सव्वाअकरालाही
पत्र्याला हात लावता येत नाही.
एकवीस डबे उभे, चौदा भरलेले,
नवती केळी, हिरवी, कडक,
आणि माझ्या पडद्यावर लाल अक्षरांत:
लिफाफा ओळखता आला नाही.

लिफाफा मीच पाठवला होता.
माल तोच, वजन तेच,
घड सलाबत तडवीने दोनदा मोजलेले.
फक्त आमची यंत्रणा नावाआधी
एक लहानसं 'एस' लावते, मग दोन ठिपके.
दिल्लीची, दुसऱ्या कंपनीची,
'सोपएन्व्ह' म्हणायला शिकलेली.
दोन्ही हाका एकाच नावाच्या.
खरं नाव पहिल्या ओळीत पूर्ण लिहिलेलं असतं,
लांबलचक, वेबच्या पत्त्यासारखं.
वाचायचं ते. पण वाचतो कोण.

भारंबे साहेबांनी वाचलं.
म्हणजे उचलून ब्राउझरात टाकलं
आणि खुर्चीसकट मागे सरकले:
"तठी त कोनीच नही वं, ताई! पानच नही!"
म्हटलं, साहेब, तिथे कोणी राहत नाही.
राहायचं नसतंच. तो पत्ता नव्हे, नुसतं नाव,
दुसऱ्या कुणाशी गल्लत नको
म्हणून पत्त्यासारखं ठेवलेलं.
ते बराच वेळ पंख्याकडे बघत होते.
मग म्हणाले, त्यापेक्षा आपला वाघोदा बरा,
एक बुद्रुक, एक खुर्द,
दोन्हीकडे चहा तरी मिळतो.

चोपड्याच्या शाळेत बाई पाठ करून घ्यायच्या:
प्र लागला की प्रहार, सं लागला की संहार,
उप लागला तर बशीत काहीतरी येतं.
उपसर्ग अर्थ फिरवतो, असं मी लिहिलं होतं,
पाचपैकी पाच गुण.
इथे अर्थ जागचा हलत नाही.
इथे तो शब्द आजीच्या अर्थाने खरा:
उपसर्ग, म्हणजे त्रास. अंगाला चिकटणारा.

बाराला फोन लागला. पलीकडे गुरविंदर नावाचा कुणी,
जांभई देत, पण प्रामाणिक.
हो मॅडम, आमच्याकडे कुणीतरी
सरळ अक्षरं जुळवून ठेवलीत.
चेहरा नाही बघत, टोपी बघतो आमचा पहारेकरी.
चूक आमचीच. दुरुस्ती सोमवारी.
आज शुक्रवार.
केळीला सोमवार कळत नाही.

सलाबत पाणी प्यायला आत आला,
माठावर पेला उपडा घालून तिथेच टेकला.
माझं तोंड बघून, काही न विचारता, सांगू लागला:
बँकेत तो सलाबत सरदार तडवी,
कार्डावर तडवी सलाबत सरदार,
दीड वर्ष पैसे अडकले.
"मी तोच व्हतो, ताई. काचेसमोरच उभा व्हतो."
मग काय केलंस?
"काय करू? त्यांच्यासारखं लिहून दिलं."

एक वाजून दहा मिनिटांनी
मीही त्यांच्यासारखं लिहून दिलं.
आमच्याकडे डब्यांच्या नोंदींना
उपसर्ग लागतच नव्हता, वर एकदा नाव सांगितलं
की खालच्या सगळ्या लेकरांना ते लागू.
आता एकेकाच्या कपाळावर हाताने चिकटवलं:
एनएस एक, एनएस एक, एनएस एक,
चौदा वेळा,
बारशाला कुणीही न आलेल्या घरात
नाव ठेवावं तसं.

गेलं. लाल गेलं.
तिकडून पोच आली,
आणि पोचीच्या लिफाफ्यावर
ना 'एस', ना 'सोपएन्व्ह',
तिसरंच काहीतरी, मोठ्या अक्षरांत.
मी श्वास धरला.
आमच्या यंत्रणेने वरची ओळ वाचली
आणि मुकाट्याने आत घेतलं.

बाहेर सलाबत पुढचा डबा उघडत होता.
बंद करण्याआधी मी त्या चौदा ओळींच्या डोक्यावर,
पुढे कुणी बसेल त्याच्यासाठी, लिहिलं:
याची गरज नाही.
काढू नका.