लिफाफा क्रमांक सत्तेचाळीस

समुद्र नावाला काळा. ट्रॅबझोनला सकाळी सातला
तो ताकासारखा पांढुरका असतो
आणि आमच्या तिसऱ्या मजल्यावरची मुलं उपाशी.
पाणीसुद्धा नाही, म्हणून नळ सोडायचा तर
आम्ही आधी दार लावून घेतो.

माझं काम म्हटलं तर सोपं आहे.
सिरिंजवरचा आकडा वाचायचा, औषध द्यायचं, घड्याळ लावायचं,
आणि अर्ध्या तासाने मूल आईपासून सोडवायचं.
सोडवायचं म्हणजे, किती सुटलं ते लिहायचं.
एक : शांत.
दोन : कुरकुरतं, पण समजूत पटते.
तीन : रडतं.
चार : चिकटून राहतं.
छापील तक्त्यात एवढंच आहे.
चारची तुटलेली बटणं मी वेचून
ड्रॉवरमध्ये ठेवते, कुणी मागायला येत नाही.

औषधं दोन. एक जुनं, कडू,
चेरीच्या सरबतात कालवलं तरी जिभेला कळतंच.
पोटात गेलं की मुलं खुदकन हसतात, मान टाकतात,
आणि पुढचं काही त्यांच्या लक्षात राहत नाही.
दुसरं नवं, नाकात थेंब थेंब.
झोप येते ती अगदी घरच्यासारखी, पण सावकाश,
आणि नाडी जरा पाय ओढत चालते.
यातलं बरं कोणतं, हे शोधायचंय
म्हणून प्रत्येकाला दोन्ही : सरबतही, थेंबही.
एकात औषध, दुसऱ्यात काही नाही.
काही नसलेलं सरबतसुद्धा
डॉक्टर फेरुझान मुद्दाम कडू करून घेतात.
न्याय म्हणजे न्याय.

सत्तेचाळीस नंबर इल्गाझ. वय सहा, टॉन्सिल.
चायकाराच्याही वरच्या गावचा.
आई बाळंतीण, म्हणून बाप आलेला, हिझिर,
हेझलनटच्या ओल्या सालीने बोटं काळी पडलेली.
संमतीपत्र त्याने मोठ्यानं वाचलं,
ओळीखाली बोट धरून, डाग पाडत,
आणि पोरानं सगळं ऐकलं.

"यात खरं औषध आहे की खोटं?"

सेहेचाळीस मुलांना मी सांगत आले होते, सरबत आहे.
"मला ठाऊक नाही," म्हटलं.
"डॉक्टरांना?"
"त्यांनाही नाही."
"मग कुणाला ठाऊक आहे?"
"खाली फार्मसीत एक कपाट आहे. त्याला."
तो हसला. चांगला खळखळून,
पुढचा पडलेला दात दिसेपर्यंत.
औषधाआधीचं हसू. तक्त्यात त्याला रकाना नाही.

मग पेला तोंडाला लावला, तोंड वेडंवाकडं केलं, प्यायला.
थेंबांना नाक मुरडलं.
दहा मिनिटं. वीस. पापण्या जड.
मांडीवरचं डोकं बापाच्या दंडावर कलंडलं.
तिसाव्या मिनिटाला मी हात पुढे केले
आणि इल्गाझ आला, पिकल्या फळासारखा, अलगद.
एक.
सुटत नव्हता तो हिझिरचा हात.
मनगटाभोवती चार काळी बोटं उमटली,
सलाईनची शीर शोधताना मी ती पुसली नाहीत,
दुसऱ्या हाताला शोधली.

जुनं औषध मागचं पुसत नाही, पुढचं पुसतं.
तेच असेल तर दार, ट्रॉली, मी,
बापाचं मागे राहणं, सगळं गेलं असेल.
नवं असेल तर कुठे तरी आत
धूसर पडून असेल. कोण सांगणार.
हिझिरला मात्र कुणी काहीच दिलेलं नव्हतं,
तो कॉरिडॉरमध्ये पूर्ण शुद्धीत उभा होता
सव्वा तास.

दुपारी इल्गाझने डोळे उघडले,
घसा फाटलेला, ओठांवर आईसक्रीमचा थेंब.
मला खुणेनं खाली बोलावलं आणि घोगरं म्हणाला,
"कपाट उघडलं का?"

अजून नाही रे, म्हटलं. अजून शहात्तर मुलं बाकी आहेत.
हिझिर आमच्याकडे पाहत राहिला,
काय चाललंय ते न कळून,
आणि तरी हसला.